जुलैतली मोजणी

तृप्ती भोयेला माणसं मोजता येतात. कुणाला मुद्दाम सांगावं असं हे कौशल्य नाही, पण तिचं ते आहे. चौकाच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं, तळहातात मावेल एवढं मोजणीयंत्र धरायचं आणि समोरून पायी जाणाऱ्या प्रत्येकामागे अंगठा दाबायचा. कॉलेजच्या मुली घोळक्याने येतात आणि एकमेकींच्या आड होतात. म्हातारी माणसं अर्धा रस्ता ओलांडून परत फिरतात. कडेवरचं मूल मोजणीत धरायचं की नाही, असं कामाला लागलेली नवी मुलं विचारतात. धरायचं, असं तृप्ती सांगते.

मोजणी झाली की तिचं खरं काम सुरू होतं. ती शहररचनाकार आहे. बस जिथे थांबते तिथून दहा मिनिटांच्या चालीत घर असावं, किराणा असावा, दवाखाना, बालवाडी, चार कचेऱ्या आणि टेकायला सावली असावी. दूध आणायला कुणाला गाडी काढावी लागू नये. अशा वस्त्या ती कागदावर आखते. गंगापूर रोडवरच्या ललित सरांच्या कार्यालयात तिची नऊ वर्षं गेली आहेत. नाशिकमध्ये दोन ठिकाणी तिने आखलेले पदपथ प्रत्यक्ष झाले आहेत आणि संध्याकाळी लोक त्यांवरून चालतात. त्या वाटेने जाताना ती कधी कधी उगाचच एक थांबा आधी उतरते.

कार्यालयात तिने स्वतःबद्दल जे सांगितलं आहे ते सगळं खरं आहे. गाव सुरगाणा तालुक्यात. आश्रमशाळा, मग नाशिकचं वसतिगृह, वास्तुकलेची पदवी, पुढची दोन वर्षं अहमदाबादला. बाबा शेती करायचे. "द्राक्षं?" असं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "नाही, भात," ती म्हणाली होती. तेही खरंच.

भात झोडून झाल्यावर काय होतं, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही.

भात झोडून झाला, दिवाळी सरली, की पाड्यावरची निम्मी घरं कड्या लावून खाली उतरायची. त्याला तिथे 'जगायला जाणं' म्हणतात. दुसरा शब्द नाही. गोधडीत भांडी बांधायची, नागलीचं पीठ, सुकट, टोपलीत एखादी कोंबडी. टेम्पो नाशिकच्या वेशीवर, पेठ रोडच्या माळावर सोडायचा. तिथे तीन दगडांची चूल मांडून बसायचं. कधी एक दिवस, कधी तीन. मग सकाळी बागायतदारांच्या गाड्या यायच्या. "किती जोड्या?" असं गाडीतूनच विचारायचे. जोडी म्हणजे नवरा-बायको. पोरं जोडीत धरत नसत, ती आपोआप मागे चढायची. चौथ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत तृप्ती त्या माळावर झोपली आहे. सकाळी उठल्यावर गालावर खड्यांचे ठसे असायचे, ते पुसले जाईपर्यंत ती तोंड खाली घालून बसायची.

त्याच माळावर नवं बसस्थानक करायचं, खाली दुकानं, वर घरं, मध्ये मोठा फरसबंद चौक, हे काम जूनमध्ये ललित सरांकडे आलं. ऑगस्टअखेर अहवाल द्यायचा होता. मोजणीच्या तारखा तृप्तीने ठरवल्या. नियमाप्रमाणे दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. दोन्ही जुलैत.

माळावर गुडघाभर गवत माजलं होतं. दोन शेळ्या, पाण्याचं एक डबकं, बाकी नुसता वारा. तिच्याबरोबर तेजस्विनी होती. ही निफाडकडची मुलगी वर्षभरापूर्वी कामाला लागली होती, आणि जे दिसेल ते विचारायची. तक्त्यातल्या 'सध्याचा वापर' या रकान्यावर पेन टेकवून तिने विचारलं, "ताई, इथे काही भरतं का हो? बाजार, जत्रा वगैरे?"

"नाही," तृप्ती म्हणाली. "लिही, वापर नाही."

एवढंच. आवाजही बदलला नाही. नंतर अहवाल लिहिताना एक ओळ घालू, असं तिने मनाशी म्हटलं. पण ती ओळ घातली तर सर विचारणार, हे तुला कुठून कळलं? मग तिने ठरवलं, कुणाकडून तरी माहिती काढू आणि त्याचं नाव घालू. घरी एक फोन पुरला असता. तो फोन तिने केला नाही, आणि पाऊस, आराखडे, बैठका यांत ऑगस्ट संपला.

चौकाचं चित्र तिने स्वतः काढलं. त्यात त्रेसष्ट माणसं होती. लॅपटॉपची बॅग घेतलेल्या बाया, सायकलवरची मुलं, बाकावर पेपर वाचणारे आजोबा. जमिनीवर बसलेलं कुणी नव्हतं. ललित सरांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तृप्ती, हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे." तिचे कान तापले. बाकीच्यांना वाटलं, कौतुकाने लाजली.

जाहीर सुनावणी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झाली. बेचाळीस हरकती होत्या, बहुतेक पार्किंगच्या. सदतिसावी नाथा काकड यांची. साठी ओलांडलेले बागायतदार, पांढरी टोपी, हातात गुंडाळी केलेला अर्ज. तो त्यांनी शेवटपर्यंत उलगडला नाही.

"सायेब, माझी तीन एकर बाग हाय," ते म्हणाले. "दिवाळी झाली की माणसं लागतात. ती ह्या माळावरनं मिळतात. मलाच नाय, आमच्या सगळ्या पट्ट्याला. चारशे-चारशे माणूस उतरतं तिथं. आता तुम्ही फरशी बसवणार, दुकानं काढणार. काढा की! पण ती माणसं उतरणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

लोक हसले. सुनावणी घेणारे अधिकारी अहवाल चाळत म्हणाले, "इथे तर जागा रिकामी दाखवली आहे."

"मोजलं कधी?"

"जुलैमध्ये," ललित सर म्हणाले. "पद्धतशीर मोजणी आहे. दोन दिवसांची."

"जुलैत?" नाथाभाऊंनी मागे वळून सगळ्या सभागृहाकडे बघितलं. "अहो, जुलैत ती माणसं आवणीला असतात. आपापल्या खाचरात वाकून भात लावत असतात. ती तुम्हाला पेठ रोडला कशी दिसतील? आषाढात माझ्या बागेत यायचं आन् म्हणायचं, ह्या माणसाकडं द्राक्षंच नायत!"

पुन्हा हशा झाला. अधिकारीही हसले. मग म्हणाले, "पण काका, त्यांच्यापैकी कुणीच हरकत घेतलेली नाही."

"घेणार कशी? तुमची जाहिरात पेपरात आली तवा त्यांचा भात पोटरीत होता, कणीस बाहेर यायचं होतं. आन् पेपर तिथं जातो कुठं?"

अधिकारी तृप्तीकडे वळले. "मोजणी तुमची ना, मॅडम? तुमचं काय म्हणणं?"

"सर्वेक्षणाच्या काळात असा वापर आढळला नाही," तृप्ती म्हणाली.

वाक्याला कुठूनही बोट लावायला जागा नव्हती. नाथाभाऊंनी टेबलावरच्या तिच्या नावाच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघितलं.

"भोये? अहो, माझ्याकडं तीन जोड्या भोयेच येतात दरवर्षी. सुरगाण्याकडचे. तुम्ही कुठले भोये?"

"मी नाशिकचीच."

"हां," नाथाभाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तुम्हाला कसं ठाऊक असणार? चूक नाय तुमची. माफ करा हां, मी जरा मोठ्यानं बोललो."

ते बसले. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं तृप्तीला वाटलं. त्या माणसाने भरल्या सभागृहात तिची माफी मागितली होती.

अधिकाऱ्यांनी सदतिसाव्या हरकतीपुढे खूण केली. दिवाळीनंतरच्या बुधवारपर्यंत मॅडमनी लेखी अभिप्राय द्यावा. अभिप्राय आला नाही तर हरकत फेटाळली असं धरून आराखडा मंजुरीला जाईल.

म्हणजे आता तो माळ राहणार की जाणार, हे तिच्या एका कागदावर होतं.

पाडव्याला ती घरी गेली. भागीबाई, तिची आई, ओट्यावर गुडघे चोळत बसली होती. गुडघे गेल्यापासून तिने खाली उतरणं सोडलं, पण तृप्तीचा मोठा भाऊ सुनील आणि आशावहिनी अजून जातात. घरात तीच तयारी चालली होती. सुनील गोधडीला दोरी आवळत होता. वहिनी चुलीपुढे नागलीच्या भाकरी थापत होती.

"यंदा माळाला पत्रे मारणार म्हणं," सुनील दोरीकडे बघत म्हणाला. "नाथाभाऊचा फोन होता."

तृप्तीने खांद्यावरची बॅग ओट्यावर ठेवली.

"आमच्यासाठी भांडून आला म्हणं तो. समोर एक बाई होती. तिनं सांगितलं, तिथं कुणी नसतंच." त्याने गाठ मारली, ओढून बघितली. "भोयेच हाय म्हणला. नाशिकची भोये. मी म्हणलं, भाऊ, नाशिकला कधीपासून भोये पिकायला लागले? सगळा माल तर इथनंच जातो."

वहिनीचा हात परातीत थांबला.

"दादा, ती मीच होते."

"माहीत हाय. पेपरात फोटू आला होता तुमचा सगळ्यांचा. नाथाभाऊनं तोच पाठवला." त्याने दुसरी गोधडी पुढ्यात ओढली. "मी त्याला सांगितलं नाय, माझी बहीण हाय म्हणून. सांगू कसं?"

तृप्तीला त्याच्याकडे बघवेना. अंगणात भाताचा पेंढा रचला होता, ती तिकडे बघत राहिली. त्याने शिव्या घातल्या असत्या तरी तिने ऐकून घेतल्या असत्या. पण तो गोधड्या बांधत होता, एकीवर एक, नीट.

"तिला बोलू नको रे," भागीबाई ओट्यावरून म्हणाली. "मीच शिकवलं तिला. माळावर बसलो की रस्त्यानं शाळेची पोरं जायची, गणवेश घालून. ही तोंडावर माझं पातळ ओढून घ्यायची. मी सांगायची, कुणी विचारलं तर म्हणायचं, मामाकडं आलीय. मला वाटायचं, तेवढंच पोरीला बरं वाटंल."

"आई, मी आता चौतीस वर्षांची आहे."

"मग काय झालं? लाज काय वय बघून जाते?"

आई तिला वाचवत होती, आणि ते तिला सगळ्यांत जड गेलं. चुलीवरची भाकरी करपली. वहिनीने ती मुकाट्याने स्वतःच्या ताटात टाकली.

सोमवारी सकाळी सहाला तृप्ती माळावर उभी होती. सरांना विचारलं नव्हतं. फक्त तेजस्विनीला बोलावलं होतं, कारण मोजणीला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्या कुणाला बोलवायचं तिच्यात बळ नव्हतं. गवत वाळून आडवं झालं होतं आणि त्यावर सगळीकडे माणसं होती. धूर, गोधड्या, टोपल्यांखाली कोंबड्या. दात घासणारी, केस विंचरणारी, नुसती रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. तेजस्विनी काही क्षण तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"ताई, हे सगळे कुठून आले?"

"मोज आधी," तृप्ती म्हणाली.

तीनशे सत्त्याऐंशी. कडेवरची धरून. बावन्न चुली. पाण्याला एक फुटका पाइप, तोही रस्त्यापलीकडे. मग दर पाचव्या चुलीपाशी थांबून चार प्रश्न विचारायचे होते: गाव कोणतं, घरात कोण कोण, किती दिवस थांबता, कशाची अडचण. तेजस्विनी विचारत होती, तृप्ती लिहून घेत होती. पाचवी, दहावी, पंधरावी. विसावी चूल तिला लांबूनच ओळखू आली. बांधलेली ती गोधडी तिने तीन दिवसांपूर्वी पाहिली होती.

आशावहिनीने मान वर करून बघितलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर हसू आलं, आणि तेजस्विनी दिसताच ते मावळलं. तिने पदर सारखा केला. सुनील पाठ फिरवून दगड नीट करू लागला.

"गाव कोणतं, मावशी?" तेजस्विनीने विचारलं.

"सुरगाण्याकडं."

"घरात कोण कोण आहे?"

"हा नवरा. दोन पोरं. सासू हाय, ती गावाला." वहिनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवत म्हणाली. "आन् एक नणंद हाय. ती शिकली, मोठी झाली. ती बाहेर असते." मग तृप्तीकडे बघून, परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "लिहा, मॅडम."

तृप्तीचं पेन कागदावर टेकलेलं होतं. दहा वर्षांची असताना तिला जे सांगितलं होतं, तेच आता अख्खं घर तिच्यासाठी करत होतं. या दोघांना कुणी शिकवलं नव्हतं. रस्त्यात, टेम्पोत, कधीतरी दोघांनी ठरवलं असेल: ती आली तर ओळख दाखवायची नाही.

"तेजस्विनी," ती म्हणाली, "ही माझी वहिनी आहे. हा माझा भाऊ. ती नणंद मी आहे."

तेजस्विनी हसली, थट्टा आहे असं समजून. मग तिने तृप्तीचा चेहरा पाहिला. "पण ताई... जुलैत मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काही भरत नाही."

"खोटं बोलले. मी इथे सहा वर्षं झोपले आहे."

"कशाला सांगितलंस?" वहिनी दबक्या आवाजात चिडली. "आम्ही बोललो होतो का काही? आता तुझं काम गेलं म्हणजे?"

सुनील तेवढ्यात वळला. गोधडी पसरून त्याने बसायला जागा केली आणि तृप्ती बसली. बसताना गुडघे कुठे घ्यायचे तेच तिला कळेना. समोरच्या चुलीपाशी बसलेल्या दोन बाया आपसांत कुजबुजून हसल्या.

अभिप्राय तिने त्याच दुपारी लिहिला. हरकत क्रमांक सदतीस रास्त आहे. दिवाळीनंतर जागेचा मोठा हंगामी वापर होतो. सोबत मोजणी जोडली आहे. चौकाचा निदान तिसरा भाग फरशीविना मोकळा ठेवावा, पाणी व स्वच्छतागृह द्यावं, गाड्या वळायला जागा सोडावी. आणि या माणसांची सुनावणी ती इथे असताना, माळावरच घ्यावी. शेवटी तिने एक वाक्य लिहिलं: 'जागेचा हा वापर मला जुलैमध्येही माहीत होता, तरीही मी त्याची नोंद केली नाही.'

ललित सरांनी कागद दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. बाकी सगळं त्यांनी जसंच्या तसं मान्य केलं. "शेवटचं वाक्य काढ," ते म्हणाले. "ऋतूमुळे नोंद राहून गेली, असं लिही. ते खोटंही नाही. त्यांना जागा मिळेल, तुझं नावही राहील. कुणाचंच नुकसान नाही."

"सर, मागच्या वेळीही मी असंच लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे वाक्य तसंच पुढे गेलं, तर या प्रकल्पावर तुला ठेवता येणार नाही मला. जाणूनबुजून नोंद टाळली असं जो लिहून देतो, त्याच्याच हातात पुढचा आराखडा? उद्या कुणीही विचारेल. आणि बरोबर विचारेल."

"हो," तृप्ती म्हणाली. तिला खरंच ते बरोबर वाटत होतं.

बुधवारी तिने कागद अधिकाऱ्यांच्या कचेरीत आवक टेबलावर दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. दोन आठवड्यांनी पत्र आलं. हरकत मान्य. चौकाचा तिसरा भाग मोकळा राहील, नळ आणि स्वच्छतागृह होईल, सुनावणी माळावर होईल. सुधारित आराखड्याचं काम कार्यालयाने पुण्याहून घेतलेल्या एका नव्या रचनाकाराकडे गेलं. तृप्तीकडे आता दुसऱ्या एका वॉर्डातली पार्किंगची कामं आहेत. कार्यालयात कुणी तिला टाकून बोललं नाही. तिच्याशी बोलताना सगळे थोडे जास्त जपून बोलू लागले, एवढंच.

तिने सुनीलला फोन केला तेव्हा तो नाथाभाऊंच्या बागेत घडांची विरळणी करत होता. मागे बायकांचे आवाज होते, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"माळ राहिला, दादा. सगळा नाही, तिसरा भाग."

"बरं झालं," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "नळ कुठं देणार?"

"म्हणजे?"

"रस्त्याच्या बाजूला देऊ नका. गाड्या येतात सकाळी, पोरं पाण्याला धावतात. मागच्या अंगाला द्या, त्या चढावर. चिखल पण खाली वाहून जाईल. तुला तर माहीतच हाय."

तिला माहीत होतं. चढ कुठला, पाणी कुठून वाहतं, पहाटे कोणत्या बाजूने वारा येतो आणि चुली कुठे मांडतात, सगळं तिला माहीत होतं. जुलैतही माहीत होतं, आणि तेव्हा आराखडा तिच्या हातात होता.

"ते आता मी ठरवणार नाही," ती म्हणाली. "मला काढलं त्या कामावरून."

"मग कोण ठरवणार?"

"एक जण आहे पुण्याचा."

"त्याला ठाऊक हाय का तो चढ?"

पलीकडे कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. सुनीलने फोन कानाशी धरून काम चालू ठेवलं होतं, ती काय म्हणते याची वाट बघत.